दाब्लूनपुढे थांबून वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मेलव्हिलच्या ‘मोबी-डिक’ या कादंबरीवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. मेहनत घेतली आहेस, पण फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या एकेका संकल्पनेला कादंबरीतला एकेक प्रसंग जोडत गेल्यामुळे कादंबरी दूरच राहिली, आणि सूडापायी पांढऱ्या देवमाशाचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन एहॅबला तू स्वातंत्र्याचा नायक ठरवून टाकलेस. माझा मतभेद आहे तो इथे.

मेलव्हिलची कादंबरी 1851 ची आणि अस्तित्व आधी, सार नंतर, म्हणजे माणूस आधी असतो आणि मग आपल्या निवडींतून घडतो, असे सांगणारे सार्त्रचे पॅरिसमधले व्याख्यान 1945 चे, तेव्हा मेलव्हिलने अस्तित्ववाद ‘मांडला’ असे लिहू नकोस. फ्रेंच लेखक काम्यूला मेलव्हिल जवळचा वाटला, 1952 मध्ये त्याने मेलव्हिलवर लेखही लिहिला. पण हे नाते नंतरच्या वाचकांनी जोडलेले आहे आणि आपणही त्याच वाचकांपैकी आहोत.

आता 99 वे प्रकरण काढ. तो देवमासा ज्याला प्रथम दिसेल त्याला बक्षीस म्हणून एहॅबने डोलकाठीला ठोकलेल्या दाब्लूनपुढे, म्हणजे इक्वेडोरच्या त्या सोन्याच्या नाण्यापुढे, एकेक जण येऊन उभा राहतो. नाण्यावरच्या तीन शिखरांवरचा बुरूज, ज्वालामुखी, कोंबडा, या सगळ्यांत एहॅबला एहॅबच दिसतो. जहाजाचा पहिला अधिकारी, धर्मभीरू स्टारबक, याला त्या तीन शिखरांत ख्रिस्ती धर्मातला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्र्येक परमेश्वर दिसतो. तिसरा अधिकारी फ्लास्क नाण्याच्या सोळा डॉलरना दोन सेंटच्या 960 सिगार येतील असा हिशेब करतो. (येतात 800, हे स्वतः मांडून पाहा, म्हणजे नाण्याकडे बघताना माणूस किती स्वतःपुरता बघतो ते कळेल.) शेवटी वेडा झालेला पोरगा पिप ‘मी बघतो, तू बघतोस, तो बघतो’ अशी क्रियापदाची रूपे म्हणत राहतो. जगात अर्थ आयता ठेवलेला नसतो, तो बघणाऱ्याला द्यावा लागतो, हे तू दोन पानांत समजावून सांगितलेस. मेलव्हिलने ते एका नाण्यात दाखवले आहे.

एहॅबबद्दल मात्र सावध राहा. त्याची जिद्द डोळे दिपवते हे मला मान्य आहे, पण 134 व्या प्रकरणात तो स्टारबकला काय सांगतो? आपण नियतीच्या हाताखालचे अधिकारी आहोत, हुकमाप्रमाणे वागतो आहोत आणि हे सारे समुद्र वाहू लागण्याच्या कितीतरी आधी ठरलेले आहे. सार्त्र ज्याला आत्मवंचना म्हणतो ती हीच. आपण निवडलेली गोष्ट आपल्यावर लादली गेली असे स्वतःला पटवायचे आणि तीस-एक माणसांच्या मरणाचा भार नियतीवर टाकायचा.

खरी निवड मला 123 व्या प्रकरणात दिसते आणि तुझ्या निबंधात तिचा उल्लेखही नाही. कप्तान झोपलेला आहे, केबिनबाहेर स्टारबकच्या हातात बंदूक आहे, तीही पूर्वी एहॅबने त्याच्यावरच रोखलेली. एक गोळी झाडली तर जहाज वाचेल आणि बायकोमुलाची भेट होईल, पण तो खून ठरेल. कोणतेही शास्त्र त्याच्या वतीने निर्णय देत नाही. तो थरथरत्या हाताने बंदूक जागेवर ठेवतो आणि कप्तानाला उठवायलाही दुसऱ्याला पाठवतो. न निवडणे हीसुद्धा निवडच, या वाक्याला इथे माणसाचा घाम लागलेला आहे.

निबंध नव्याने लिहिताना सुरुवात 132 व्या प्रकरणापासून कर. समुद्रात एक अश्रू गाळून एहॅब चाळीस वर्षांच्या समुद्रजीवनाविषयी, मागे राहिलेल्या तरुण पत्नीविषयी बोलतो, स्टारबक त्याला परत फिरण्याची विनवणी करतो, आणि क्षणभर जहाज खरोखर वळेल असे वाटते. मग तो नजर फिरवतो आणि विचारतो, हा हात उचलतो तो मी, देव की आणखी कोणी? प्रश्न विचारून होईपर्यंत निराशेने पांढराफटक पडलेला स्टारबक तिथून निघून गेलेला असतो. त्या निघून जाण्यावर एक पान लिही आणि मला पाठव. त्या पानात सार्त्रचे नाव नसले तरी चालेल.

तुझा,
सर