नाडीची वही

काका आले ते शंभर पानी वही घेऊनच. तारीख, वेळ, नाडी असे तीन रकाने. ६.१० ला ९४, ६.२५ ला ९८, ६.३० ला १०१. एका दिवसाची चाळीसेक टिपणं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याच्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान होऊन पाच वर्षं झालेली. ईसीजी, टूडी एको या हृदयाच्या तपासण्या, सगळं ठीक. "मॅडम, मी नुसता खुर्चीत बसलोय आणि हे धावतंय. हृदय चांगलं आहे म्हणतात, मग धावतंय कशाला?"

मी म्हटलं, काळजीने होत असेल. काका गप्प झाले. काकू मात्र पटकन म्हणाल्या, "म्हणजे मनाचे खेळ? हेच तर सगळे सांगतात." माझं चुकलं होतं. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि दर वेळी तो नुसत्या मनाचा नसतो. आमच्या छातीच्या डॉक्टरांकडून मी सगळं नीट समजून घेतलं आणि पुढच्या भेटीत काकांना सांगितलं.

हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. नाडी सत्तरच्या आसपास राहते, कारण व्हेगस नावाची नस सतत लगाम धरून असते. श्वास घेताना हा लगाम किंचित सैल होतो, सोडताना आवळतो. त्यामुळे निरोगी नाडी श्वासागणिक थोडी मागेपुढे होत असते. सीओपीडीत बऱ्याच जणांचा हा लगाम ढिला पडतो. नाडी वर चढते आणि एकसुरी होते. दुसरीकडे, फुफ्फुसात हवा अडकून छाती फुगलेली, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी. एका ठोक्यात कमी रक्त ढकललं गेलं की ठोके वाढवावे लागतात. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी ऑक्सिजन जोखणाऱ्या पेशी असतात. ऑक्सिजन कमी पडला की त्या मेंदूला इशारा देतात, आणि शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या नसा जोर धरतात.

"म्हणजे ब्रेक गेला?"

"गेला नाही, ढिला झालाय. आणि ॲक्सिलरेटरवर पाय आहे."

काका पहिल्यांदाच हसले. मग मी वहीत चौथा रकाना आखायला लावला: 'त्याआधी काय केलं?'

आठवड्याने वही बोलू लागली. अंघोळीनंतर नाडी वर. जिना चढल्यावर वर. एकदा पाहिली की पाच मिनिटांनी पुन्हा पाहण्याची घाई, आणि तेव्हा आणखी वर. एक गोष्ट मात्र मला धक्का देणारी होती. दम लागल्यावर घ्यायच्या पंपाने नाडी वाढते हे लक्षात आल्यावर काकांनी तो घेणंच सोडलं होतं! त्या औषधाने थोडी धडधड, हातांना कंप होतो हे खरं. पण दम तसाच राहिला तर नाडी त्याहून जास्त पळू शकते. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. असे निर्णय आपल्या मनाने घ्यायचे नसतात.

माझ्याकडचं काम साधं होतं. नाकाने श्वास घ्यायचा, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ. अडकलेली हवा बाहेर पडायला वाव मिळतो आणि लगामही थोडा आवळला जातो. फिजिओथेरपिस्टने चालण्याचा सराव सुरू केला. दमाच्या भीतीने काकांनी चालणं सोडलं होतं, पायांतली ताकद गेली होती, आणि अशा शरीराची नाडी थोड्याशा हालचालीनेही उडते. नाडी दिवसातून दोनदाच बघायची, असं ठरलं.

काकूंना वेगळं बसवून एवढं मात्र बजावलं: छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, नाडी अचानक अनियमित झाली, बसूनही १२० च्या खाली येईना, ओठ निळसर दिसले किंवा गुंगी आली, तर वही उघडत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

दोन महिन्यांनी काका पुन्हा आले. बसल्या जागची नाडी अजून नव्वदीच्या आसपासच होती. चौथ्या रकान्यात 'चाललो, १२ मिनिटं' असं लिहिलेलं, आणि त्या दिवशीचा नाडीचा रकाना कोरा.

"बघितली नाहीत?"

"विसरलो."