नाताळात साल्झबुर्ग: आजी-आजोबांना झेपेल का?

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आईवडील यांना घेऊन डिसेंबरात तीन दिवस ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जायचे आहे. तारखा कोणत्या घ्याव्यात? चालणे किती पडेल?

उत्तर: २३ तारखेच्या आत परत निघा. २४ला दुपारनंतर दुकाने बंद होतात, २५-२६ला सुट्टीच. लहान मूल बरोबर असताना ही पंचाईत कशाला? कॅथेड्रलसमोरचा नाताळबाजार संध्याकाळी खच्चून भरतो, तिथे आठवड्यातल्या दिवशी दुपारीच जाऊन या.

सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून होएनसाल्झबुर्ग किल्ला सकाळी करा. चढ चढायचा नाही, १८९२पासूनची फ्युनिक्युलर रेल्वे (दोराने चढावर ओढली जाणारी गाडी) वर नेते. तिचे भाडे, किल्ला, संगीतकार मोत्सार्टचे जन्मघर आणि शहरबस हे सगळे ‘साल्झबुर्ग कार्ड’ या पर्यटक-पासात येते. ते २४, ४८ किंवा ७२ तासांचे मिळते आणि पहिल्या वापरापासून मोजले जाते. संध्याकाळी पोचलात तर तेव्हाच सुरू करू नका.

बुटांवर मात्र कंजुषी नको. बर्फ पडल्यावर फुटपाथवर बारीक खडी टाकतात. ती गुळगुळीत तळव्यांखाली सरकते. खोल खाचांचे, पाणी न शिरणारे बूट सगळ्यांनाच हवेत. हेलब्रुन राजवाड्याची गमतीदार कारंजी हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा मुलीला त्यांचे आमिष दाखवू नका.