अर्धवट राहिलेलं जुनं शर्मन रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल-किट पूर्ण करावं की नवं घेऊन सुरुवात करावी?

जुनंच पूर्ण करा. नव्या महागड्या किटला पहिला कट मारताना हात थरथरतो. तुमच्या शर्मनचं जे बिघडायचं ते कधीच बिघडून गेलंय, त्यामुळे तो सरावाला उत्तम.

मीही या छंदाकडे परतलो तो कॉलेजात अर्धवट टाकलेल्या एका शर्मनमुळेच. तेव्हा नियम एकच ठेवला: काळाने खराब केलंय तेवढं दुरुस्त करायचं, तेव्हाच्या पोराने केलेलं काम तसंच राहू द्यायचं. सगळं उकलून आजच्या दर्जाचं करायला गेलात तर डबा परत माळ्यावर जाणार, हे लिहून ठेवा.

तुम्ही म्हणता की हल (रणगाड्याचं धड) आणि टरेट (वरचा तोफेचा फिरता भाग) जोडलेले आहेत, ब्रशने हिरवा इनॅमल रंग लावलाय, चाकं आणि त्यांवरचे पट्टे सुटे आहेत आणि डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) पिवळी पडलीत. पट्ट्यांपासून सुरुवात करा. जुन्या किटांचे पट्टे मऊ व्हिनाइलचे असतात. त्यातलं मऊपणा देणारं रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं. पट्टा कडक होऊन तडकतो आणि ते रसायन शेजारच्या प्लास्टिकला खातं. डब्यात पट्टे चाकांवर पडून असतील तर चाकं नीट तपासा, खड्डे पडले असतील तर थोडी लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारा. पट्टा कोमट पाण्यात ठेवून हळूच वाकवून बघा. तुटला तर तुटला, शर्मनचे सुटे पट्टे वेगळे विकत मिळतात. शाबूत असेल तर शेवटी, रंगकाम झाल्यावरच बसवा.

डेकलची शीट काचेच्या खिडकीला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवा. पांढऱ्या ताऱ्यांचा पिवळेपणा बराच उतरतो. पण पाण्यात टाकण्याआधी त्यावर क्लिअर लॅकरचा एक हात मारा, नाहीतर जुनं डेकल पाण्यातच तुकडे तुकडे होतं. नकोशा एखाद्या आकड्यावर आधी प्रयोग करा.

निखळलेले भाग परत चिकटवताना जुना गोंद आणि रंग खरवडून काढा. मॉडेलचा गोंद प्लास्टिक वितळवून जोडतो, रंगावर त्याचं काही चालत नाही. ट्यूबमधला जाड गोंद आता विसरा. पातळ गोंदाचा ब्रश फटीला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. परतल्यावर मला सगळ्यात जास्त सुख या बाटलीने दिलं.

जुना इनॅमल उतरवायच्या भानगडीत पडू नका. बारीक पॉलिश पेपर, साबणाचं पाणी, वर नवा ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा रंग), बस्स.

तळाला मोटरची भोकं असतील तर तीही राहू द्या. हे चालणाऱ्या खेळण्यांचे अवशेष आहेत. १/३५ हे प्रमाणसुद्धा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं मॉडेल) तिथूनच आलं: साठच्या दशकाच्या सुरुवातीला टामिया या जपानी कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं, ते मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढ्या मापाचं केलं, आणि मागाहून मोजलं तर ते १/३५च्या आसपास निघालं.

एक मोह होईल, तो म्हणजे १९६५च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईतला, डेक्कन हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचा शर्मन करायचा. मलाही झाला होता. पण तिथल्या काही शर्मनवर लांब नळीची ७६ मिमी तोफ होती, तुमच्या किटमध्ये आखूड ७५ मिमी आहे. तो बेत पुढच्या किटसाठी ठेवा. त्याआधी नगरच्या टँक म्युझियममध्ये एक चक्कर मारा आणि ओतीव टरेट असलेल्या रणगाड्यांचा पृष्ठभाग जवळून बघा. किटचं टरेट गुळगुळीत असतं, खरं खरबरीत. पातळ गोंद लावून जुन्या ताठ ब्रशने ठोकत गेलात की तो पोत येतो. नियमातून एवढी एकच सूट मी घेतली होती.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं उपकरण) आत्ता घेऊ नका. शेवटचा मॅट वार्निश डब्याच्या स्प्रेने मारता येतो, फक्त पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक धरते. ऑक्टोबरपर्यंत थांबा, तोवर चाकांचे रबर रंगवायचे आहेतच.