बॅच पांगली, मग एकटेपणा आला

"मॅडम, इंग्लंडला येऊन सहा महिने झाले. परीक्षा पास झाले, पगार वाढला, आणि आता बोलायला माणूस नाही. वॉर्डातल्या केरळच्या सिस्टर एकत्र बसतात, मी बाजूला डबा खाते. फेसबुकवर नर्सेसचे चार ग्रुप जॉइन केले, ते वाचून आणखीच जीव घाबरा होतो. मिस्टर म्हणतात, परत ये. येऊ का?"

सांगली जिल्ह्यातल्या एका सिस्टरांचा हा प्रश्न. समुपदेशन करताना परदेशी गेलेल्या नर्सेसकडून मला थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो. ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत.

व्हिडिओ कॉलवरच्या पहिल्या भेटीत त्यांचा तिथला पत्ता आणि जीपीचं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरचं, नाव लिहून घेतलं. समोरचा माणूस दुसऱ्या देशात असेल तर ही खबरदारी आधी घ्यायची, गप्पा नंतर. मग झोप, भूक, कामातलं लक्ष, आणि "जगू नये असं वाटतं का?" हा प्रश्न आडपडदा न ठेवता. त्यांना तसं वाटत नव्हतं. उदासी रोजची आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी असेल, तर इंग्लंडमध्ये जीपीला दाखवायचं. रात्री-अपरात्री मन फार ढासळलं तर 111 ही तिथली आरोग्य हेल्पलाइन लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो, मन मोकळं करायला समॅरिटन्स संस्थेचा नंबर 116 123. भारतात असाल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. सिस्टर दुसऱ्यांची काळजी घेतात म्हणून त्यांना हे नंबर माहीत असतीलच, असं अजिबात धरू नये.

परत येण्याचा निर्णय आम्ही आठ आठवडे बाजूला ठेवला. खचलेल्या मनाने राजीनामा लिहायचा नसतो. शिवाय अनेक करारांत ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर भरतीचा खर्च परत मागण्याचं कलम असतं. ते कलम शांतपणे वाचा आणि युनियनच्या प्रतिनिधीला दाखवा, एवढंच तेव्हा ठरलं.

मग त्यांना रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, उघडायला सांगितला. आठवड्याचे साडेसदतीस तास, म्हणजे चार आठवड्यांचे 150. साडेबारा तासांच्या ड्युटीत एक तास बिनपगारी ब्रेक, म्हणून पगारी साडेअकरा. हिशेब केला की 28 दिवसांत साधारण 13 ड्युट्या होतात. उरले 15 दिवस, आणि एकटेपणा सगळा त्यांत साचला होता. नाइटनंतरचा दिवस झोपेत जातो. बाकीचे ऑफ मंगळवारी, गुरुवारी येतात. गावातल्या आयटीवाल्या मराठी कुटुंबांना वेळ शनिवार-रविवारी, तेव्हा सिस्टर ड्युटीवर. दोन्हीकडची माणसं चांगली असूनही भेट होत नाही. मंगळवारी सकाळी मोकळं कोण असतं? दुसरी नर्सच. म्हणून सिस्टरांना मी नेहमी सांगते, भाषा जुळणारं माणूस मिळालं तर आनंदच आहे, पण आधी रोटा जुळणारं माणूस शोधा.

मग पहिले तीन महिने त्या खुशीत कशा होत्या? तेव्हा आठ जणींची बॅच हॉस्पिटलने दिलेल्या एकाच घरात राहत होती. ऑस्की म्हणजे तिथल्या नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्या दहा स्टेशनांचा सराव करायचा तर एकटीने होतच नाही. एक परीक्षार्थी, एक पेशंट आणि एक जण घड्याळ लावून मार्किंग करणारी, अशा तिघी लागतात. परीक्षेने त्यांना एकत्र बांधलं होतं. पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर, आला, घराची मुदत संपली, आठ जणी आठ वॉर्डांत आणि आठ भाड्याच्या खोल्यांत गेल्या. ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक उरले. बॅच पांगण्याच्या आधी, एकत्र राहत असतानाच, पुढच्या महिन्याच्या दोन भेटींच्या तारखा रोट्यावर लिहून ठेवायला हव्यात. बहुतेक जणी हे करत नाहीत, कारण तेव्हा गरजच वाटत नाही.

आता कामाला लागलो. बॅचमधल्या सगळ्यांना "कधी भेटू या" असं न विचारता, एकाच बसमार्गावर राहणाऱ्या दोघींना निरोप: "माझे ऑफ 6, 11 आणि 19 ला आहेत. 11 ला साडेदहाला माझ्याकडे पोहे. येतेस का?" तारीख, वेळ, जागा दिली की उत्तर येतं. नुसत्या "भेटू या"ला अंगठा येतो.

दुसरा निरोप हॉस्पिटलमध्ये परदेशी नर्सेसची भरती बघणाऱ्या टीमला. त्यांच्याकडे महाराष्ट्रातून आलेल्यांचे नंबर मागितले, तर गोपनीयतेच्या नियमामुळे ते देणार नाहीत. पण आपला नंबर पुढे पाठवतात. म्हणून मजकूर असा केला: "मी महाराष्ट्राची, या वॉर्डात आहे. मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या कुणाला बोलायचं असेल तर माझा नंबर त्यांना द्यायला माझी परवानगी आहे." कन्नड मुद्दाम, मिरजेच्या पलीकडे कर्नाटक फार लांब नाही.

केरळच्या सिस्टरांबद्दल त्यांच्या मनात थोडा राग होता. पण बारा तास इंग्रजीत बोलून दमलेलं माणूस ब्रेकमध्ये मातृभाषेकडे वळतं, त्यात आपल्याला टाळण्याचा हेतू असतोच असं नाही. "मला तुमच्यात घ्या" हे सांगायला अवघड आणि ऐकायलाही. त्यापेक्षा एकीला, एकच नेमका प्रश्न: "इथे ओला नारळ आणि कढीपत्ता कुठे मिळतो?" उत्तर म्हणून दुकानाचा पत्ता मिळाला, पुढच्या आठवड्यात दोघी बरोबर गेल्या. सिस्टरांनी नंतर शेंगदाण्याची चटणी नेली. त्यावर मी एक सूचना केली होती: डब्यावर "यात शेंगदाणे आहेत" अशी ठळक चिठ्ठी लावा आणि खाल्ल्यावर साबणाने हात धुऊनच पेशंटकडे जा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

घरच्या फोनचं गणित वेगळंच बिघडलं होतं. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे. रात्री आठला ड्युटी सुटल्यावर फोन केला तर घरी दीड वाजलेला. मुलगी झोपलेली, मिस्टर पेंगुळलेले, आणि सिस्टरांना वाटे कुणाला माझी पडलेली नाही. दुपारी एकच्या ब्रेकमध्ये दहा मिनिटं ठेवली, तेव्हा घरी साडेसहा, मुलगी शाळेतून आलेली. नाइट संपल्यावर सकाळी आठला फोन, घरी दीड वाजलेला, आईचं जेवण आटोपलेलं. पण हा पंधरा मिनिटांतच संपवायचा. तो दीड तास चालला की दिवसाची झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेवर पुढची नाइट काढणं धोक्याचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो, तेव्हा वेळा पुन्हा ठरवायच्या. आखातात हा त्रास कमी, दुबई दीड तास आणि सौदी अडीच तासच मागे.

चारपैकी तीन फेसबुक ग्रुप सोडले. कुणाला ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, कुणाचं घर, असं वाचत रात्री दोनपर्यंत जागणं थांबलं. उरलेल्या एका ग्रुपवर त्यांनी वॉर्डचं नाव घालून इन्चार्जबद्दल तक्रार लिहिली होती, ती लगेच काढायला सांगितली. बंद ग्रुपमधूनही स्क्रीनशॉट बाहेर जातो, आणि त्यात पेशंट ओळखता आला तर प्रकरण रजिस्ट्रेशनपर्यंत पोहोचू शकतं. तक्रार खरी होती, म्हणून तिला वाट हवीच होती. आधी इन्चार्जशी वेळ ठरवून बोलणं, तिथे भागलं नाही तर 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन', म्हणजे कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकायला हॉस्पिटलने नेमलेली व्यक्ती, सोबत युनियन. मनावर आलेला ताण बोलायला पीएनए (प्रोफेशनल नर्स ॲडव्होकेट), म्हणजे त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली नर्सच असते, आणि हे सिस्टरांना सहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याच ग्रुपवर एकाने पैसे घेऊन दुसरीकडचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, म्हणजे वर्क व्हिसासाठी नोकरी देणाऱ्याकडून लागणारं प्रमाणपत्र, देतो म्हटलं होतं. अशा माणसाला पासपोर्टचा फोटो किंवा पिन पाठवू नका, पैसे तर नाहीच.

आठ आठवड्यांत आमच्या व्हिडिओ कॉलवर पाच भेटी झाल्या. पोह्यांना पहिल्या वेळी एकच जण आली, दुसऱ्या वेळी दोघी. भरतीच्या टीमकडून महिनाभर काहीच उत्तर नव्हतं, मग बेळगावच्या एका ब्रदरांचा फोन आला. मुलीची आठवण तशीच आहे, रविवारच्या ड्युटीला ती जास्त येते. परत येण्याचा विषय पाचव्या भेटीत मी काढला. त्या म्हणाल्या, मुलीची वार्षिक परीक्षा झाल्यावर मिस्टरांशी बसून ठरवू. मग त्यांनी पुढच्या बॅचच्या एका नव्या सिस्टरचा निरोप दाखवला. कुकरची रिंग गावात कुठे मिळते, असं तिने विचारलं होतं, आणि यांनी गुरुवारचा ऑफ लिहून दुकानापाशी साडेअकराची वेळ दिली होती.