कुड्याची साल घेऊनही जुलाब थांबत नाहीत, असं का?

भाऊ, बाजारातून कुड्याची साल आणली, दोन दिवस काढा प्यालो, तरी हगवण थांबली नाही, मग ही साल खरंच चालते का, असं तुम्ही विचारलंय. चालते. पण ती साल पांढऱ्या कुड्याचीच होती का, हे आधी बघा; हगवणीला चालतं ते झाड तेच.

आमचं चोपड्याला काष्ठौषधींचं दुकान आहे. एकदा एका व्यापाऱ्याकडून पोतंभर साल आली. रंगाला बरी होती. वडिलांनी एक तुकडा दाढेखाली धरला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "कडू नही शे." पोतं तसंच परत गेलं. खऱ्या पांढऱ्या कुड्याची साल तोंडात टाकली की चहा प्याला तरी कडूपणा जात नाही. तुमच्याकडचा उरलेला तुकडा चघळून बघा.

पांढऱ्याच्या नावावर खपतो तो बहुतेक काळा कुडा. दोघांच्या फांदीतून पांढरा चीक येतो, फुलंही दोघांची पांढरीच, त्यामुळे जंगलात नवखा माणूस फसतोच. शेंगा बघितल्या की भानगड मिटते. दोघांच्याही जोडीनं लोंबतात, पण काळ्याच्या दोन शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बियांचंही तसंच: पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे गोड. विकत घेताना शेंगा कुठून दिसणार म्हणा, तिथे जीभच कामाची.

आजी वाळलेली साल सहाणेवर ताकात उगाळून द्यायची, दिवसातून दोनदा, जेमतेम चमचाभर. काढ्याची जुनी रीत म्हणजे एक भाग भरडलेली साल, सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. मुरडा येऊन आव पडते, त्या हगवणीवर हिचा खरा उपयोग. सालीतलं कोनेसीन नावाचं द्रव्य आमांशाच्या अमिबावर काम करतं. बाहेरचं खाऊन एक दिवस पोट बिघडलं तर साल कशाला उकळता? मीठ-साखरेचं पाणी प्या, तेवढं पुरतं.

शौचात रक्त, ताप, किंवा लघवी कमी झाली असेल तर काढ्याच्या नादी लागू नका, सरळ डॉक्टरकडे जा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला आम्ही दुकानातून ही साल देतच नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि काढा म्हणजे घरगुती, कितीही घ्या, असं समजू नका, जास्त झाला तर मळमळतं.

सातपुड्यात जाऊन स्वतःच काढायचा विचार असेल, तर यावल अभयारण्याच्या हद्दीत हात लावू नका, तिथे बंदी आहे. शेताच्या बांधावर झाड असेल तर एकाच बाजूची पट्टी काढा. बुंध्याभोवती गोल सोललं की झाड वाळतं. आमच्याकडे साल आणणारी पावरा आदिवासी आजी तर पट्टी काढलेल्या जागी ओलं शेण लिंपायची.