नव्या कोब्यावर लॅमिनेट फ्लोअरिंग किती दिवसांनी घालावं?

तुमचा प्रश्न असा आहे : ठाण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जुन्या लाद्या उखडल्या, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ६० मिलिमीटरचा कोबा केला, फ्लोअरिंगवाला म्हणतो पंधरा दिवस पुरे, आणि गणपती बसायच्या आत लॅमिनेट घालून व्हायला हवं. माझं मत स्पष्टच सांगतो. घालू नका. पंधरा दिवसांत तर नाहीच, गणपतीच्या आतही नाही.

तो माणूस तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही. आपल्याकडे शहाबादी, कोटा, मोझॅक हे सगळं ओल्या मालावरच बसवत आले. दगडाला ओलीचं काही वाटत नाही, त्यामुळे खालचा थर सुकेपर्यंत थांबायची सवयच कारागिरांना लागली नाही. लॅमिनेटच्या पट्टीच्या पोटात मात्र लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड असतो. तो ओल शोषतो आणि फुगतो.

कोबा पक्का होणं वेगळं आणि सुकणं वेगळं. पहिले सात दिवस आपण पाणी मारतो ते ताकद यावी म्हणून. सुकायला सुरुवात होते ती पाणी मारणं थांबल्यावर. सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी कायमचं बांधून घेतं, पण माल नीट पसरावा म्हणून गवंडी त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त पाणी घालतो. उरलेलं सगळं पाणी वरच्या एकाच बाजूने, हवेत उडून जायचं असतं.

याचा एक ढोबळ हिशेब आहे. पहिल्या ५० मिलिमीटरला दर मिलिमीटरमागे एक दिवस, त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन. या हिशेबाने तुमच्या कोब्याला ७० दिवस लागतात, वर पाणी मारण्याचे ७. म्हणजे ऑगस्टची अखेर, कागदावर गणपतीच्या सुमारास जमेल असं वाटतं. पण हा हिशेब कोरड्या, खेळत्या हवेचा आहे. लॅमिनेट घालायला कोब्याच्या पोटातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली यावी लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याची हवाच बहुतेक दिवस ८० च्या वर असते. जी हवा स्वतः इतकी ओली, ती कोब्यातलं पाणी काय ओढून घेणार? दोन दिवस दोरीवर राहूनही कुबट वास येणारे पावसाळ्यातले कपडे आठवा.

हे मी भोगून सांगतोय. आईच्या खोलीत जुलैमध्ये, वीस-बावीस दिवसांच्या कोब्यावर मी लॅमिनेट घालून घेतलं. वरून कोबा पांढराफटक दिसत होता, हाताला कोरडा लागत होता. दसऱ्यापर्यंत पट्ट्यांचे सांधे वर आले. आई काठी घेऊन चालते, तिची काठी त्या सांध्याला अडली तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. पट्ट्या उचलल्या तर खालच्या प्लास्टिकला पाण्याचे थेंब, आणि प्लास्टिकचे जोड चिकटपट्टीने बंदच केलेले नव्हते. वरचा पापुद्रा आधी सुकतो, ओल खाली बसून असते. वर झाकण पडलं की ती हळूहळू पुन्हा वर येते.

म्हणून तपासून बघा. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्याला घट्ट लावा आणि निदान १६ तास, मी तर म्हणेन दोन दिवस तसंच राहू द्या. आतून थेंब धरले किंवा खालचा कोबा काळपट झाला तर थांबा. मात्र काही दिसलं नाही म्हणून कोबा सुकला असं समजू नका. ही परीक्षा ‘नाही’ सांगते, ‘हो’ सांगत नाही. ‘हो’ कळण्यासाठी आर्द्रतामापक ठेवलेला डबा कोब्यावर उपडा घालून कडा हवाबंद करायच्या आणि तीन दिवसांनी, आकडा हलायचा थांबल्यावर वाचायचा. स्वस्त मापकात चार-पाच टक्क्यांची चूक असू शकते, म्हणून ७० च्या आसपास आल्याशिवाय मी तरी पुढे जाणार नाही.

घाई असेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, भाड्याने आणा आणि तो चालू असताना खिडक्या बंद ठेवा, नाहीतर बाहेरचीच ओल आत येत राहील. हीटर लावून कोबा भाजू नका, तडे जातात. ओल अडवणारा, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सीचा लेपही मिळतो, पण तो लावायला जाणता माणूस हवा आणि कोबा भुसभुशीत नको.

गणपती कोब्यावरच बसवा, खाली सतरंजी अंथरा. ऑक्टोबरच्या उन्हात खिडक्या उघड्या टाका आणि दर आठवड्याला आकडा तारखेसकट भिंतीवर पेन्सिलीने लिहीत जा. लागोपाठ दोन आठवडे तो ७० च्या आसपास किंवा त्याखाली राहिला, की फ्लोअरिंगवाल्याला फोन करा.