लातूरमध्ये नळाच्या पाण्याला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग पडतात. हे पाणी पिण्यास अयोग्य आहे का?

केवळ एवढ्यावरून ते अयोग्य ठरत नाही. फेस न येणे आणि डाग पडणे ही जड, म्हणजे दुष्फेन पाण्याची लक्षणे असून त्याचे कारण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार हे असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार एकूण कठीणता, म्हणजे हाच जडपणा, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते.

आधी आपल्या नळाला पाणी कोठून येते ते पाहावे. लातूरला मांजरा धरणाचे पाणी मिळते, परंतु अनेक इमारतींत तेच पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून टाकीत चढवले जाते, आणि काळ्या खडकातून झिरपलेले बोअरचे पाणी बहुधा अधिक जड असते. टाकीत पडण्यापूर्वीचे पाणी एका बाटलीत व टाकीतले दुसऱ्या बाटलीत घेऊन दोन्हींत साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाकून हलवावे. फरक डोळ्यांना दिसतो.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा नाही. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तेवढा कमी होतो (किटलीच्या तळाशी साचणारा खरपुडा तोच), सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला राहतो. विक्रेते दाखवतात ते टीडीएस मीटर सर्व विरघळलेले क्षार एकत्र मोजते, त्यामुळे त्याच्या आकड्यावरून आरओ यंत्र घेण्याची घाई करू नये. पिण्याच्या दृष्टीने जिवाणू, नायट्रेट आणि फ्लोराइड यांची प्रयोगशाळेतील तपासणी अधिक महत्त्वाची आहे.